चौकटचा गुलाम

बेलापूरच्या आमोस सरांचं खोट्याशी उभं वैर. 'नॉट ॲट होम'चा पत्त्यांचा डावसुद्धा ते शाळेच्या शिस्तीत चालवत. खेळ साधा: एकसारखी चार पानं जमवायची. हवं ते पान नाव घेऊन मागायचं. समोरच्याकडे असेल तर त्याने मुकाट्याने द्यायचं, नसेल तर 'नॉट ॲट होम' म्हणायचं. एका नाताळात सख्ख्या भावाने बदामची सत्ती लपवली, तर सरांनी त्याला भर डावातून उठवलं आणि पुढे वर्षभर ऐकवलं. असल्या माणसाशी संसार करणं काही खायचं काम नव्हतं, पण कृपाबाईंनी तो हौसेने केला.

यंदा पक्षाघाताने सरांची वाचा गेली. लवकर बोलतं करा, नाहीतर अवघड आहे, असं डॉक्टरांनी बजावलं. कृपाबाईंनी वचनं वाचली, गाणी म्हटली. सर नुसते बघत राहत.

मग शेजारची लंकाबाई पत्ते घेऊन आली. ती ऊसतोडीला जायची तेव्हा तिची लेक आरती सहा हंगाम सरांच्या घरी राहून शिकली होती. लंकाबाई ते विसरणारी नव्हती. ती रोज दुपारी येऊ लागली. तिघांचा डाव मांडायचा, सरांची पानं उशीच्या घडीत खोचायची. सर आपल्या एखाद्या पानावर बोट ठेवत, कृपाबाईंचा जीव तुटे आणि त्या त्याच्या जोडीचं पान देऊन टाकत. लंकाबाई मात्र ढिम्म.

"तोंडानं मागा, सर. त्याबिगर मी न्हाई द्यायची."

किती दगडाच्या काळजाची बाई, असं कृपाबाईंना वाटे. असे तीन आठवडे गेले.

एका मंगळवारी लंकाबाईकडे तीन गुलाम जमले. चौथा कृपाबाईंकडे नव्हता, म्हणजे सरांकडेच.

"सर, चौकटचा गुलाम हाय का?"

गुलाम उशीत समोरच होता. सर त्याच्याकडे बघत राहिले. मग ओठ हलले.

"नॉट... ॲट होम."

कृपाबाईंनी वाकून उशीतलं पान पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत चक्क लबाडी होती. लंकाबाईने तिन्ही गुलाम खाली ठेवले आणि पदराने डोळे पुसले. कृपाबाईंनी तिचा हात धरला. मनातल्या मनात तिला किती बोल लावले होते, ते आठवून त्यांना लाज वाटली.

रविवारी चर्चमध्ये प्रभूने केलेल्या भल्याची साक्ष द्यायला कृपाबाई उभ्या राहिल्या. ठरवून आलेलं सगळं ऐन वेळी विसरल्या.

"आमचे सर मंगळवारी धडधडीत खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "प्रभूचे लई उपकार हायेत."