करवंटीतलं पाणी

तुळसा गरीब गाय आहे असं मिरजोळ्याकडच्या त्या वाडीत कोणी म्हणालं, तर खुशाल समजावं की माणूस वाडीत नवा आहे. बाई कामाला वाघीण, आणि राग धरायला त्याहून वरचढ.

तिच्या हातापाठीवर बधिर चट्टे उठले तेव्हा घरचा कारभार मोठ्या जावेकडे, शेवंतीकडे होता. महारोग आला म्हणून शेवंतीने तुळसाचं अंथरूण आंब्याच्या बागेतल्या मांगरात, राखणीच्या खोपटात टाकलं. पाणी द्यायचं ते नारळाच्या करवंटीत, तेही लांबून ओतून. नवरा दादू मुंबईला. वयनी सांगतेय तसं कर, एवढंच तो फोनवर बोलला. डॉक्टरला दाखवायला उशीर झाला तो झालाच. गोळ्यांनी रोग मुळासकट गेला, पण डाव्या हाताची दोन बोटं वाकली ती कायमची.

बरी झाल्यावर तुळसा आधी ग्रामदेवीच्या देवळात गेली. नारळ ठेवला नि गाऱ्हाणं घातलं, की जिनं मला करवंटी दाखवली तिच्या ओठाला करवंटी लागू दे. असा नारळ फुकट जात नाही, हे तिकडचं शेंबडं पोरही सांगेल.

देवीने वेळ घेतला मात्र. मध्यंतरी आरोग्य केंद्राची माणसं आली. रुग्णाच्या घरच्यांनी रोग होऊ नये म्हणून एक गोळी घ्यायची होती. शेवंतीने त्यांना दारातूनच वाटेला लावलं. म्हणे, आमच्या घरात असलं कोणी नव्हतंच. म्हणजे तुळसा त्या घरात कधी नांदलीच नाही! ऐकून तुळसाने दात खाल्ले.

यंदाच्या शिमग्यात पालखी दारात आली. ओवाळताना जळता कापूर शेवंतीच्या मनगटावर पडला, आणि बाई आपली ओवाळतेच आहे. शेजारणीने झटकला तेव्हा तिला कळलं. तुळसाने ते मनगट नीट पाहिलं, त्यावरचा फिकट चट्टा पाहिला. पावलीस गो आई, ती मनात म्हणाली. पालखी गेल्यावर तिने शिरा केला नि एकटीने खाल्ला.

आता नुसतं गप्प बसलं तरी सूड पुरा होणार होता. जावेची बोटंही वाकणार होती. तुळसाने तो विचार चवीने चघळला, अगदी पोट भरेस्तोवर. मग उठली आणि शेवंतीला आरोग्य केंद्रात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आधी कोणाला होता का? शेवंतीने खाली मानेनेच तुळसाकडे बोट केलं.

"हिला," ती म्हणाली. "माझी जाऊ. आमच्याच घरातली."

पहिल्या गोळ्या तिथेच, समोर घ्यायच्या होत्या. नर्सने पाण्याचा ग्लास पुढे केला. तुळसाने तो बाजूला सारला, पिशवीतून करवंटी काढली आणि भरली. भांड्याने हा रोग लागत नाही, असं डॉक्टरीणबाई समजावू लागल्या.

"ठाऊक हाय मला," तुळसा म्हणाली. "ह्यांना ठाऊक नव्हतं."

शेवंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढाच राग होता तर मला आणलंस कशाला, तिने विचारलं.

"बोटं वाकली असती तर करवंटी कशी धरली असतीत, जाऊबाय?"

शेवंतीने गोळ्या तोंडात टाकल्या आणि दोन्ही हातांनी करवंटी ओठाला लावली. थोडं पाणी लुगड्यावर सांडलं. तुळसाने करवंटी नळाखाली विसळली, पदराने कोरडी केली आणि पुन्हा पिशवीत ठेवली. पुढच्या महिन्याच्या गोळ्याही समोरच घ्यायच्या होत्या.