रीकाकांचं रिटचिंग

फोटो स्टुडिओवाल्या काकांना सगळा बाजार रीकाका म्हणे, आणि त्याला कारण त्यांचीच पाटी. रिटचिंग, रिप्रिंट, रिसाइझ, रिस्टोरेशन अशी सगळी कामं त्यांनी एकाखाली एक रंगवून घेतली होती. काकांचं इंग्रजी यथातथाच, पण ही एक री कुणीतरी तरुणपणी त्यांना समजावून सांगितली होती आणि ती डोक्यात पक्की बसली होती. री म्हणजे पुन्हा. "गेलेलं पुन्हा येत नाही म्हणणाऱ्यांना इंग्रजी येत नाही," असं ते गिऱ्हाइकाला बिनदिक्कत ऐकवत. काउंटर सांभाळणाऱ्या काकू मात्र नवऱ्याची री कधी ओढत नसत. "मग एकदा रिटायर होऊन दाखवा," त्या म्हणत. "ती री खोटी," असं पुटपुटून काका कामाला लागत.

माणूस हाताचा कसबी, पण एका खोडीचा. चेहरा दिसला की तो साफ करायचा. मस, व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं, काही म्हणता काही त्यांच्या तावडीतून सुटत नसे, आणि हे सगळं न विचारता. नोकरीच्या अर्जाला लावायच्या फोटोतही माणसं लग्नाला निघाल्यासारखी दिसत. गिऱ्हाईक खूश, मग काकांना कोण अडवणार?

एका दुपारी एक म्हातारी बाई आली. तिने पिशवीतून एक लहानसा फोटो काढला. एका तरुण मुलीचा, घड्या पडून पडून चिरा गेलेला.

"लेक माझी. जाऊन पुष्कळ वर्षं झाली," ती म्हणाली. "एवढा एकच फोटो राहिलाय. आणि आता माझी नजर चाललीय, डॉक्टरांनी हात टेकले. थोडं दिसतंय तोवर हिला मोठी करून द्या. एकदा डोळे भरून बघून घेते."

काकूंनी तिला खुर्ची दिली. काकांना भरून आलं, आणि भरून आलं की ते जरा जास्तच बोलत. "मावशी, काळजी सोडा. लेक पुन्हा समोर उभी करतो की नाही बघा."

त्यांनी खरंच जीव ओतला. फोटो स्कॅन केला, एकेक चीर बुजवली, डाग काढले, चेहरा उजळला. भलामोठा प्रिंट निघाला तेव्हा सहसा नाक मुरडणाऱ्या काकूही "छान झालाय" म्हणाल्या.

मावशी आल्या. प्रिंट उजेडाकडे नेऊन नाकाला लागेल इतका जवळ धरला, बराच वेळ बघितला आणि हळूच काउंटरवर ठेवला.

"गोड पोरगी आहे," त्या म्हणाल्या. "कुणाची?"

"अहो मावशी, तुमचीच ही."

"माझ्या मुलीच्या भुवईत खोक होती. लहानपणी पायरीवर आपटली होती. तिथे पुन्हा केस आलेच नाहीत."

चिरांबरोबर ती खोकही काकांनी बुजवून टाकली होती. घाईघाईने त्यांनी मूळ स्कॅन पडद्यावर मोठा केला. भुवईवरून चार-पाच रेघा गेल्या होत्या, आणि घडी कुठली, खोक कुठली, देव जाणे. मावशींनी डोळे बारीक केले, पण पडद्याचा नुसता पांढरा उजेडच त्यांना दिसत होता.

"आधी विचारायला काय झालं होतं?" काकू म्हणाल्या. प्रिंट हवे तेवढे पुन्हा निघाले असते, पण तो चेहरा आता फक्त या बाईच्या डोक्यात होता. आपण नीट करता करता मोडून ठेवलं, या विचाराने काकांना स्वतःची लाज वाटली.

"तू असा इथे बस," मावशी म्हणाल्या. अहो-जाहो कधी गळालं ते कुणाला कळलंही नाही. "डोळे मीट."

काका डोळे मिटून स्टुलावर बसले. मावशींनी त्यांचं डोकं एका हाताने धरलं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा डाव्या भुवईवरून नाकाकडून कानाकडे फिरवला. "रोज रात्री असा फिरवायचे. त्याशिवाय झोपत नव्हती. चांगली नोकरीला लागली तरी तेच." अंगठा भुवईच्या टोकाच्या अलीकडे थांबला आणि तिरका खाली वळला. "इथे. अशी."

काकूंनी पेन आणून नवऱ्याच्या भुवईवर बरोबर तिथे रेघ मारली. आई गेल्यापासून काकांच्या कपाळावरून असा हात कुणी फिरवला नव्हता. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही.

मग आरशात बघून ते कामाला बसले. आरसा डावं-उजवं फिरवतो, हे स्टुडिओवाल्याला कुणी सांगावं लागत नाही. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, काकांची भुवई बघून फिस्सकन हसलं, आणि काकूंनी त्याला उद्या यायला सांगितलं. पडद्यावरच्या रेघांतली एकच तशी तिरकी होती. ती ठेवून काकांनी बाकीच्या बुजवल्या आणि दुसऱ्या कशालाही हात लावला नाही.

नवा प्रिंट मावशींनी पुन्हा नाकाशी धरला. मग भुवईवर अंगठा टेकवला.

"हाताला लागत नाही काही," त्या म्हणाल्या.

तरी अंगठा भुवईवरून नाकाकडून कानाकडे फिरला आणि टोकाच्या अलीकडे तिरका खाली वळला.

"पण तीच आहे. आता डोळे गेले तर जाऊ देत."