तंबोऱ्याच्या तारांची टोपली

संस्थानाच्या काळी, उत्तरेकडच्या आमच्या गावी, दाना ओली नावाच्या आमच्या गल्लीत तारेच्या टोपल्या विणणारा एक म्हातारा यायचा. नाव कुणी विचारलंच नाही, सगळे आपले ‘तारवाले बाबा’ म्हणायचे. घरातलं माणूस गेलं की लोक त्याच्याकडून आठवणीची टोपली करून घ्यायचे. गेलेल्या माणसाच्या वापरातली तार असेल, ती तो त्यात विणायचा.

आमचे वडील, अण्णा, गेले आणि महिनाभर आई कुणाशी बोलेना. आम्हां पोरींना तिचीच धास्ती लागली. शेवटी आजीनंच बाबाला ओट्यावर बसवलं आणि अण्णांच्या तंबोऱ्याच्या तुटक्या तारांचा डबा त्याच्यापुढे ठेवला.

बाबानं तार पायाच्या अंगठ्यात अडकवली आणि दाराआडच्या आईला विचारलं, “कैसे आदमी थे? गुस्सैल हों तो कसके बुनूँ.”

“राग कसला!” आई एकदम बोलली. “तासभर तंबोरा लावायचे आणि पाव तास गायचे. तेही बेसूर!”

“तो फिर थोड़ी टेढ़ी बनाऊँ, बाईसाहब?”

आई हसली हो! पदर तोंडाला लावून हसली. मग काय, सांगतच सुटली. अण्णांनी आलाप घेतला की शेजारचा मिठू पोपट कशा शिट्या मारायचा, तेसुद्धा सांगितलं.

मी बाबाच्या हातांकडे बघत होते. टोपली केव्हाच झाली होती. तो मात्र कडीची तार सोडायचा, गुंडाळायचा, परत सोडायचा. आई बोलायची थांबली, तेव्हा कुठे त्यानं शेवटचा पीळ दिला.