लोण्याचा उपग्रह

"किस्से लिहून ठेवा सर," म्हणतात लोक. कशाला? आमच्या शहागडजवळच्या शाळेत पट दरवर्षी घटतो, किस्से काही घटत न्हाईत! हे सगळे एकाच विज्ञान प्रदर्शनातले.

माझं नोकरीचं शेवटचं वर्ष. आमचं मॉडेल अंबडच्या तालुका प्रदर्शनापुढं कधी गेलंच न्हाई. म्हटलं, एकदा तरी जिल्ह्याला जायचं, मंगच निवृत्त व्हायचं! विषय घेतला, सूर्याच्या अन् पृथ्वीच्या उष्णतेपासून उपग्रह कसा वाचतो. उपग्रह म्हणजे माझा जेवणाचा डबा. त्याच्यावर चमकी कागदाचे थर, थरांच्या मधी मच्छरदाणीची जाळी. आत लोण्याचा गोळा. लोणी वितळलं न्हाई की जिंकलो!

*

सूर्य म्हणून हॅलोजनचा दिवा लावला. पण पृथ्वीसुद्धा उष्णता फेकते, म्हणून डब्याखाली तापलेला तवा.

मी वर्गातून ओरडलो, "पृथ्वी तापली का रे?"

"तापली सर! पण मुख्याध्यापकांनी तिच्यावर चहा ठेवलाय!"

*

पहिल्याच चाचणीत दिव्याकडची बाजू पोळली, मागची गारच राहिली. लोणी एका अंगानं ढेपाळलं. मी डोक्याला हात लावून बसलो.

शाळेत खिचडी रांधणाऱ्या सिंधूबाई बघून राह्यल्या होत्या. म्हणाल्या, "सर, भाकरी एकाच अंगानं भाजता का? फिरवा की जरा!"

खरी अंतराळयानंसुद्धा उन्हात अशीच फिरवत नेतात! मला हे कळायला बी.एस्सी. करावी लागली होती.

*

प्रदर्शनाचा दिवस. सिंधूबाई पोरींसोबत आल्या होत्या. दिवा लावला, तवा तापवला, डबा फिरवला. परीक्षक म्हणाले, "उघडा."

मी डबा पुढं ओढला. झाकण काढलं तर भपकन वाफ. आत ज्वारीची भाकरी अन् ठेचा. लोण्याचा पत्ता न्हाई.

"सिंधूबाई, लोणी कुठंय?"

"भाकरीला लावलं की! नुसत्या लोण्यावर दिवस काढतो का मानूस? सकाळी तव्यावरून काढली की डब्यात भरली."

संपलं, म्हटलं. जिल्हा गेला! मला रडूच यायला लागलं.

परीक्षकांनी घड्याळ बघितलं. दुपारचा दीड. त्यांनी भाकरीला बोट लावलं, चटकन मागं घेतलं. मंग एक घास तोडला. मंग दुसरा. मंग खुर्ची मागवली.

गुणपत्रिका आजही माझ्याकडं आहे. शेरा असा: "उष्णतारोधन उत्तम. जिल्ह्यासाठी निवड. ठेच्यात मिरची कमी करावी."