मशीन निवडताना झालेला उशीर

मला झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे. झोप लागली की घशाची वाट मिटते, श्वास थांबतो, मग गुदमरून मी अर्धवट जागा होतो आणि पुन्हा झोपतो. रात्रभर हे चालतं आणि माझं मला काही कळत नाही. हा आजार आधी ओळखला तो माझ्या बायकोनं. "तुम्ही घोरता त्याचं काय न्हाई," ती म्हणायची, "पण मधीच गप होता, त्याचं भ्या वाटतं." पुण्याला तपासणी झाली आणि डॉक्टरांनी सीपॅप नावाचं मशीन दिलं. नाकावर मास्क लावायचा, मशीन पाईपमधून हवेचा दाब देत राहतं आणि घशाची वाट उघडी राहते. मशीन चांगलं जड होतं, त्याला पाण्याचं भांडं जोडलेलं, आणि वीज हवीच. माझे वडील मेंढरांमागं हिंडत उघड्या माळावर घोंगडीवर झोपले, आणि मला मात्र कॉटशेजारी स्टुलावर ठेवलेल्या यंत्राशिवाय झोपायची सोय उरली नाही.

तेव्हा मी साखर कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालो होतो. मांडवगण फराट्याला घर बांधलं होतं, मुलींची लग्नं झाली होती, घरात आम्ही दोघंच होतो. बायकोचं माहेर राहू गावचं. तिच्या आत्यानं नर्मदेची परिक्रमा पायी केली होती. लहानपणी आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून तिनं नर्मदेच्या गोष्टी इतक्या ऐकल्या होत्या की लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं एकच मागणं होतं. दागिना नको, साडी नको, एकदा ओंकारेश्वरला जाऊन नर्मदा डोळ्यांनी बघायची. नोकरीत असताना मी म्हणायचो, निवृत्त झाल्यावर जाऊ. निवृत्त झालो तर हा आजार निघाला, आणि मी म्हणू लागलो, प्रवासात नेता येईल असं लहान मशीन घेऊ, मग जाऊ.

हे काही निमित्त नव्हतं. मशीनशिवाय झोपायची मला खरोखर भीती वाटायची. ते भारनियमनाचे दिवस होते. घरी इन्व्हर्टर होता म्हणून भागायचं, पण परगावी धर्मशाळेत रात्री वीज गेली तर काय, हा प्रश्न होता. म्हणून मी लहान मशीन शोधायला लागलो, आणि तिथं माझा स्वभाव आडवा आला. कारखान्यात तीस वर्षं मी तीन कोटेशन आल्याशिवाय साधं बेअरिंगसुद्धा घेतलं नव्हतं. शनिवारी बाजाराला म्हणून शिरूरला जायचो आणि सायबर कॅफेत बसून मशीनची माहिती छापून आणायचो. एकाचं वजन कमी, पण आवाज जास्त. दुसरं गाडीच्या बॅटरीवर चालायचं, पण त्याची वायर वेगळी मागवावी लागायची. तिसऱ्याला पाण्याचं भांडं नव्हतं, म्हणजे घसा कोरडा पडणार. एक सगळ्यात बरं वाटत होतं, तर त्याचं दुरुस्तीचं दुकान मुंबईला. मी रकाने पाडून तक्ते केले, शेरे लिहिले, पुण्याच्या दुकानदारांना पत्रं पाठवली. एखादं नक्की करावं तर नवीन मॉडेल येणार असल्याचं कळायचं. मग मी थांबायचो.

असं करत दोन वर्षं गेली. अधूनमधून ती विचारायची, "अवं, ठरलं का मशीन?" मी म्हणायचो, "घाई करून चालत न्हाई. एकदाच घ्यायचंय, नीट घिऊ." ती मान हलवून कामाला लागायची. त्या दोन वर्षांत मी काय काय पाहिलं आणि काय काय सोडून दिलं, ते आता आठवलं की जेवण गोड लागत नाही. दाराच्या चौकटीला तिचा डावा खांदा लागायचा. ताटाशेजारी ठेवलेला तांब्या तिच्या हातानं लवंडायचा. तांदूळ निवडायला ती शेजारणीला बोलवू लागली. एकदा अंगणात माझ्याच पायाला अडखळून पडता पडता राहिली, तर मी म्हणालो, "बघून चालावं की." मला वाटलं, वयाप्रमाणं मोतीबिंदू आला असेल. गावात दरवर्षी डोळ्यांचं शिबिर भरतं, पिकला की तिथं काढून घेऊ. आणि मी पुन्हा माझी फाईल उघडायचो.

शेवटी धाकटी मुलगी माहेरपणाला आली, तिनं आईला स्वयंपाक करताना पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी आम्हाला दौंडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी बराच वेळ तपासलं. मग मला बाजूला बोलावून सांगितलं की हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. डोळ्यांतला दाब वाढत गेला आणि कडेकडेनं नजर मरत आली. गेलेली नजर परत येत नाही. डावा डोळा गेलाच, उजव्याला उजेड-अंधार कळतो, तेवढा टिकवायचा प्रयत्न करू. मी विचारलं, "आधी आणलं असतं तर?" डॉक्टर भले माणूस होते. म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर औषधाच्या थेंबांवर बरीच नजर राखता आली असती." दोन वर्षं म्हणजे नेमकी किती, ते त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. तीच म्हणाली, "आता तरी मशीन घ्या. नर्मदेला जाऊन येऊ." मी म्हणालो, "आता जाऊन..." ती म्हणाली, "हात लावीन की पाण्याला. हात हायेत अजून."

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला गेलो आणि दहा मिनिटांत मशीन घेतलं. माझ्या तक्त्यात ते तिसऱ्या क्रमांकावर होतं. तक्ता पाहून दुकानदार म्हणाला, "काका, पहिल्या दोनांतलं कुठलंही घेतलं असतंत तरी चाललं असतं. सगळी सारखंच काम करतात, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला दाब देतात." बॅटरी यायला पंधरा दिवस लागतील म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मी अर्धवट सामान घेऊन दुकानातून बाहेर पडलो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दौंडला गाडीत बसलो. आमच्या डब्यात प्लग नव्हता आणि बॅटरी अजून आली नव्हती, तेव्हा मी झोपायचं नाही असं ठरवून रात्रभर बसून काढली. पहाटे खंडव्याला उतरलो, तिथून बसनं ओंकारेश्वरला पोचलो. धर्मशाळेच्या खोलीत सामान ठेवलं, तर वीज नव्हती. संध्याकाळी येईल असं सांगितलं. मशीनची पिशवी खोलीत ठेवायला मन धजेना, म्हणून ती खांद्याला लावली, हिचा हात धरला आणि घाटावर गेलो. ऊन वर आलं होतं. पायऱ्या उतरताना पाण्याचा आवाज ऐकून ती थांबली. मी म्हणालो, "जरा बसू. पाय भरून आल्यात माझं. पाच मिनटांनी खाली जाऊ." आम्ही पायरीवर बसलो. पिशवी मांडीवर, तिचा हात माझ्या हातात.

मला झोप लागली.

या आजाराच्या माणसाला जागरणानंतरची झोप अशी येते की तिला आवरणं हातात राहत नाही. पण हे मला ठाऊक होतं. एका न दिसणाऱ्या माणसाला नदीच्या काठावर बसवून मी डोळे मिटले, हे त्यामुळं कमी होत नाही. गुदमरून दचकून जागा झालो तेव्हा माझा हात रिकामा होता. शेजारी तिच्या चपला होत्या. मी उठलो, पिशवी खाली पडली, आणि पायऱ्यांवरून खाली पाहिलं.

ती कमरेइतक्या पाण्यात उभी होती, केसांपासून भिजलेली. तिच्या पाठीमागून एका बाईनं दोन्ही हातांनी तिला धरलं होतं. बाई म्हातारी, अंगावर पांढरी साडी, काठावर तिची काठी आणि झोळी. परिक्रमेतली असावी. काय घडलं ते हिनं मला नंतर सांगितलं. मी घोरायला लागलो तेव्हा तिला वाटलं, रात्रभर जागलेत, झोपू द्यावं. एक एक पायरी चाचपत ती खाली गेली. पाण्यातल्या दुसऱ्या पायरीवर शेवाळ होतं. पाय सुटला आणि डोक्यावरून पाणी गेलं. तळ लागेना, दिशा कळेना. "मी तुम्हाला हाक मारली न्हाई," ती म्हणाली. "तोंडात पाणी व्हतं. मनात म्हणलं, माई, आता तूच. आन् दंडाला हात लागला."

मी धावत खाली गेलो, पण दोन पायऱ्या वरच थांबलो, कारण ती बाई तिच्याशी बोलत होती. बोलण्याचं वळण आमच्याकडचं नव्हतं, पण मराठी होतं. ती तिला बाहेर काढत नव्हती. तिला धरून सावकाश सांगत होती, "पाणी हिरवं आहे बाई. खोल हिरवं, पिंपळाच्या जुन्या पानासारखं. समोर डोंगर आहे. डोंगराला लागून देऊळ उभं आहे, त्याची सावली पाण्यात हलते. आता एक नाव चालली आहे. नावेत पाच बाया आहेत, एकीनं पाण्यात हात सोडलाय. ती हसते आहे." माझी बायको मान उंच करून, डोळे उघडे ठेवून ऐकत होती. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. मी दोन पायऱ्या वर उभा होतो, मला डोळे होते, आणि हिरवं पाणी, ती नाव, तो हात, सगळं मीसुद्धा त्या बाईच्या बोलण्यातूनच पहिल्यांदा पाहत होतो.

दोघींना हात देऊन वर घेतलं. मी त्या बाईपुढं हात जोडले. म्हणालो, "मला झोप लागली हो." तिनं मला रागावावं असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "आणलंत ना तिला. आता दिसेल ते सांगत जा." मी नाव विचारलं, तर म्हणाली, "इथं सगळ्याच मैया." साडीचा पदर पिळला, काठी-झोळी घेतली आणि काठाकाठानं निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिला साडी द्यावी म्हणून मी धर्मशाळांत चौकशी केली. अशा कितीतरी येतात, म्हणाले. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. हिला मात्र खात्री आहे, आणि तिच्या खात्रीत मी बोट घालत नाही.

संध्याकाळी वीज आली. मशीन लावलं, ते मुकाट्यानं चाललं आणि मी शांत झोपलो. सकाळी महादेवाचं दर्शन झालं. गर्दीतही पुजाऱ्यांनी हिला वाट करून दिली. तिनं पिंडीवर तळहात टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही. मी मागं उभा होतो. मला देवाकडं काही मागता आलं नाही. तिला बुडू दिलं नाही, एवढ्यासाठी डोकं टेकवलं. तिचे डोळे राखायची संधी त्यानं मला घरबसल्या दिली होती, दोन वर्षं रोज दिली होती, आणि ती मी कोटेशनं मागवण्यात घालवली. ते त्याच्यासमोर कबूल केलं, बस्स.

परतीची गाडी दिवसाची मिळाली. बऱ्हाणपूर मागं पडल्यावर मी धीर करून म्हणालो, "तू मला बोलत का न्हाईस? माझ्यापायी झालं हे." ती म्हणाली, "मुद्दाम केलं व्हय तुम्ही?" मी म्हणालो, "न्हाई." "मग?" एवढंच म्हणून ती खिडकीच्या वाऱ्याकडं तोंड करून बसली. तिनं माफ केलं असावं. माझं मला अजून जमलेलं नाही, आणि जमावं असा माझा हट्टही नाही. थोड्या वेळानं मी खिडकीतून पाहिलं आणि म्हणालो, "केळीच्या बागा हायेत. लांबपर्यंत." ती म्हणाली, "घड लागल्यात का?" मी पुन्हा वाकून नीट पाहिलं.

त्यानंतर त्या मशीनसोबत आम्ही पुष्कळ ठिकाणी गेलो. कुठं वीज गेली, कुठं प्लग बसला नाही, एकदा पाईपच घरी राहिला. प्रत्येक वेळी कुणीतरी भेटलं, काहीतरी वाट निघाली. सगळी तयारी करून मगच देवाच्या दारात उभं राहायचं, हा माझा हिशेब होता. तो चुकीचा होता. तयारी माणसानं जमेल तेवढी करावी आणि उरलेली त्याच्यावर सोपवून निघावं. मी सोपवायला शिकलो, पण ते शिकण्याची किंमत तिच्या डोळ्यांनी दिली, हे विसरून मला कृतज्ञ होता येत नाही.

परवा केंदूरहून एक गृहस्थ आले होते. त्यांनाही हाच आजार, आणि मशीनमधलं मला कळतं असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं. म्हणाले, "आप्पा, प्रवासाला कोणतं मशीन घ्यावं?" मी म्हणालो, "डॉक्टर सांगतील ते, आणि ह्याच आठवड्यात घ्या." त्यांना वाटलं, मी टाळतोय. मग मी त्यांना विचारलं, "घरच्यांना कुठं जायचंय?" ते म्हणाले, "इचारलं न्हाई कवा."

मी त्यांना म्हणालो, "आज घरी जाऊन इचारा."