जनरेटरला कुंकू

टार्निट या परदेशातल्या उपनगरात आमच्या समोर राहणाऱ्या त्या माणसाचं नाव मला अजूनही माहीत नाही. ऐन थंडीतही तो हाफपँटमध्येच असायचा आणि मी दिसले की दोन्ही हात हलवायचा. मी नुसती मान डोलवून आत पळायचे.

लॉकडाउनमधल्या एका सकाळी वादळानं वीज गेली. आमचा हीटर गॅसचा, पण त्याचा पंखा विजेवर, त्यामुळे घर गारठलं. विमानं बंद म्हणून आमच्याकडे अडकलेल्या आईची बोटं निळी पडायला लागली. "ती बाहेरची बार्बेक्यूची शेगडी आत घे गं," ती म्हणाली. मी ती दारापर्यंत ओढलीसुद्धा.

"आत नको! त्या गॅसनं जीव जाईल!" समोरून तो इंग्रजीत ओरडला, आणि हातगाडीवर जनरेटर ढकलत आलाच. खिडक्यांपासून लांब ठेवून त्यानं आमचा हीटर वायरनं त्याला जोडला. दोरी ओढण्याआधी जनरेटरला हळूच थोपटलं. "हिला प्रेमानं विचारावं लागतं," तो मला म्हणाला.

घरात गरम हवा शिरली. बोटांत जीव आल्यावर आई चक्क नाचली! मग बाहेर येऊन तिनं जनरेटरला कुंकू लावलं.

"अँड मी?" त्यानं कपाळ पुढे केलं.

"आई, दीड मीटर!" मी ओरडले. आईनं करंडा पायरीवर ठेवला आणि मागे सरली. त्यानं स्वतःच बोट बुडवून कुंकू लावलं, थेट नाकावर.

"ओके?" त्यानं मला विचारलं.

"थोडं वर," मी म्हणाले. त्याच्याशी बोललेले माझे ते पहिले शब्द, आणि माझ्या हसण्यात ते त्याला कळलेच नाहीत.