गळ्याखालचा पिवळा

मालक आम्हाला रंगानेच हाका मारायचे. मी पक्ष्यांची चोच आणि पाय रंगवायची, म्हणून तांबडी, तिखट जिभेमुळेही असेल. माझ्या शेजारी निळीबाई, आणि खिडकीपाशी तिची एकुलती एक लेक, पिवळी. पुस्तकासाठी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला पक्षी काळ्या शाईत छापून आमच्या टेबलावर यायचा आणि हातोहात रंगत जायचा. आधी छातीचा पिवळा, मग माझा तांबडा, शेवटी निळीबाईची निळी पाठ आणि डोळा.

पिवळीला एक खोड होती. छातीवरून रंग ओढत गळ्यापाशी आली की ब्रश उचलायला उशीर करायची, आणि तिथे रंग साचून दाट व्हायचा. निळीबाई रोज खेकसायची, "अगं, उचल ब्रश! किती कानीकपाळी ओरडू?" पोरगी हसायची आणि पुन्हा तेच.

ती तापाने गेली. चालतीबोलती पोर, बघता बघता हातची गेली.

निळीबाई कामावर परत आली ती एकाच ओढीने. पिवळीचा हात चलाख. ती आम्हा दोघींच्या पुष्कळ पुढे गेली होती, आणि तिने पिवळे करून ठेवलेल्या कागदांची चळत तशीच पडून होती. निळीबाई एकेक कागद पुढ्यात घ्यायची, गळ्याखालचा तो दाट पिवळा डोळे भरून बघायची, मगच ब्रश निळ्यात बुडवायची. जिच्यापायी लेकीला बोलली, ती खोडच तिला उरली होती. रंगवून झालेले ते कागद ती फळीवर वेगळे ठेवायची. मालक म्हणाले, "काम संपलं की तिच्या हातचा एक कागद तू घरी ने." त्या दिवशी प्रथमच ती दोन घास नीट जेवली.

चळत संपली तशी खिडकीपाशी नवी मुलगी बसली. एकाच पुस्तकात दोन तऱ्हेचे पक्षी नकोत, म्हणून शिकवायचं काम निळीबाईकडेच आलं. "उचलू नकोस ब्रश," ती हळूच सांगत होती, "थांब जरा. इथे साचू दे." मी मान खाली घालून पाय रंगवत राहिले.

मुलगी गुणी निघाली. नको तेवढी गुणी. एकदाच तिच्या ब्रशातून कागदाच्या कडेला थेंब पडला, तो मी चाकूने हलकेच खरवडून दिला.

काम संपलं त्या दुपारी मालकांनी न विचारताच फळीवरचे आणि नवे कागद एकत्र करून वजनाखाली ठेवले. भल्या माणसाला कळायला नको? निळीबाईने सगळे पक्षी टेबलभर मांडले. एक उचलायची, खिडकीशी नेऊन बघायची, परत ठेवायची. "हा... नाही, हा." मग मटकन खाली बसली.

"मला माझ्या लेकीचा हात ओळखू येईना गं!"

बऱ्याच वेळाने तिने एक कागद उचलला आणि माझ्यापुढे धरला. "हा तिचाच ना गं, तांबडे?"

खालच्या कडेला मी खरवडलेली जागा होती. नवी मुलगी भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती, पांढरीफटक.

"तिचाच," मी म्हणाले. "आईला नाही कळणार तर कुणाला?"